कार्व्हरचा पहाटेचा तास

अमेरिकेंतील मिसूरी प्रांतांत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर सुमारें 1864 सालीं एका गुलाम आईच्या पोटीं जन्मला. पोर इतकें अशक्त, कीं त्यास शेतांत न लावतां घरकाम देत. तेंच पोर पुढें भुईमुगाचे शेंकडों उपयोग शोधणारा संशोधक झालें, व 1943 सालीं वारलें तें ऐंशीच्या घरांत!

तो पहाटे चारला उठे आणि एकटाच रानांत फिरे. पायांस चाल, छातीस मोकळी हवा. शिवाय पाला, माती, बुरशी हातांत घेऊन न्याहाळी. त्यानंतर प्रयोगशाळा. तीही 1896 सालीं टस्कीगीच्या शाळेंत त्यानें विद्यार्थ्यांसह टाकाऊ बाटल्या-डबे वेंचून उभारली. कापसानें खंगलेल्या जमिनींत चवळी, भुईमूग पेरा, त्यांच्या मुळांच्या गांठी हवेंतील नत्र जमिनींत आणतात, असें तो शेतकऱ्यांस सांगे. आणि 1916 सालीं त्यानें भुईमूग खाण्याच्या 105 तऱ्हा छापल्या.

पहाटे उठणें आम्हांस काय शिकवतां, असें वाचक म्हणतील. रास्त आहे. दूध काढणारा, पिकास पाणी धरणारा, भट्टी पेटविणारा, चुलीपुढें बसणारी माउली, हीं सारीं आधींच उठलेलीं असतात. परंतु त्यांचा तो तास कामानें गिळलेला. कार्व्हरचा त्याच्या स्वतःच्या मालकीचा होता. लवकर उठण्याचें पुण्य सांगणारे उपदेशक या फरकाविषयीं कधीं बोलत नाहींत!

बंधूंनो, भगिनींनो, निदान अर्धा तास तरी आपला म्हणून राखा. खुरपें घरीं ठेवून बांधानें फिरा, पान उलटून पाहा, आणि शाळेंत जाणारी पोरगी सोबत न्या.