उपाशी पोट, खर्चिक मेंदू

उपाशीपोटी बसलेल्या मुलाच्या मनात धडा उतरत नाही, हे कळण्यासाठी कोणा शिक्षकाला यंत्राची गरज भासलेली नाही. तथापि अंदाजपत्रकात अनुभवाला वजन नसते. तेथे आकडे लागतात. ते आता मेंदूविज्ञानाने पुरविले आहेत.

प्रौढ मनुष्याच्या वजनात मेंदूचा वाटा अवघा २ टक्के. परंतु विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो खर्च करतो. हे इंधन मुख्यतः रक्तातील ग्लुकोजचे. १९७६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठात किरणोत्सर्गी, ग्लुकोजसदृश द्रव्य टोचून मानवी मेंदूची पहिली चित्रे घेण्यात आली आणि मेंदूचा कोणता भाग किती साखर उचलतो, हे मोजता येऊ लागले. याच मार्गाने १९८७ मध्ये हॅरी चुगानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, सुमारे चौथ्या वर्षापासून नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत मुलाच्या मेंदूच्या बाह्यस्तराचा ग्लुकोजवापर प्रौढाच्या दुपटीच्या घरात असतो. नेमका हाच प्राथमिक शाळेचा काळ!

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, निरोगी शरीर यकृतातील साठा मोडून रक्तशर्करा सांभाळते. एका न्याहारीवाचून मेंदू विझत नाही. आक्षेप रास्त आहे, आणि केवळ या चित्रांवरून त्यापलीकडचा निष्कर्ष काढणे अशास्त्रीय ठरेल. परंतु गंगाजळी मोडून चालविलेला संसार वरकरणी चालू दिसला, तरी तो सुस्थितीत नसतो, हे अर्थशास्त्राचा कोणीही विद्यार्थी सांगेल. ज्या मुलाचे रात्रीचे जेवणही अपुरे, त्याची गंगाजळी ती कितीशी असणार?

सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजविलेले मध्यान्ह भोजन देणे राज्यांवर बंधनकारक झाले. ते पाऊल मोठेच होते. पण भोजन मिळते दुपारी. गणिताचा तास बहुधा त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेला असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सकाळच्या न्याहारीची शिफारस केली आणि तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये प्राथमिक शाळांसाठी तशी योजना सुरू केली. महाराष्ट्रानेही पहिल्या तासापूर्वीच्या घासाचा गांभीर्याने विचार करावयास हवा. निदान दुर्गम आणि आदिवासी तालुक्यांपासून आरंभ करण्यास हरकत नसावी.

इमारती आणि संगणक यांवरील खर्चाला आपण गुंतवणूक म्हणतो. मुलाच्या न्याहारीला मात्र अनुदान. हा हिशेब आता दुरुस्त केला पाहिजे.