गाडीची अंतर्गत स्वच्छता

सोलापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ वर चिंचोळीची औद्योगिक वसाहत आहे. ज्यांची मोटार रोज घर आणि ही वसाहत यांच्यामध्ये ये-जा करते, त्यांना वेगळे सांगायला नको की हमरस्त्याची धूळ, अवजड वाहनांचा धूर आणि उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा पारा गाडीच्या आतही पोहोचतो. बाहेरून गाडी रोज पुसली जाते. आतल्या भागाकडे मात्र दिवाळी-दसऱ्याखेरीज सहसा लक्ष जात नाही. परंतु संध्याकाळी त्याच गाडीतून आजी आणि नातवंडे प्रवास करतात, आणि ती श्वास घेतात तो आतल्याच हवेत.

साधने फार लागत नाहीत. लहान व्हॅक्यूम क्लीनर, मऊ ब्रश, तीन-चार मायक्रोफायबरची कापडे, एक जुना सुती टॉवेल आणि सौम्य द्रव साबण एवढे पुरते. ब्रश घेताना तो नायलॉनचा आहे ना, हे पाहावे. रंगकामाचे काही ब्रश डुकराच्या केसांचे असतात. ‘शॅमी’ म्हणून मिळणारे पुसणेही मूळचे जनावराच्या कातड्याचे. त्याचा कृत्रिम प्रकार मिळतो, तो वेष्टन वाचून घ्यावा. टॉवेलसाठी तर आपल्याला दूर जायला नको. भौगोलिक मानांकन लाभलेल्या सोलापुरी टेरी टॉवेलच्या उभ्या फाशांत पाणी चटकन शोषले जाते, म्हणून ओली बैठक टिपण्यास तो उत्तम.

कामाचा क्रम महत्त्वाचा: आधी कोरडे, मग ओले, आधी वरचे, मग खालचे. धुळीवर प्रथमच ओले फडके फिरवले तर तिचा चिखल होऊन तो कापडाच्या विणीत मुरतो. एसीच्या झडपांवर ब्रश फिरवताना व्हॅक्यूमचे तोंड शेजारीच धरावे, म्हणजे उडालेली धूळ पुन्हा बैठकीवर बसत नाही. साबणाचे पाणी बैठकीवर न ओतता फडक्यावर घ्यावे. बैठकीखाली एअरबॅगच्या तारा असू शकतात. त्यांची जोडणी बहुधा पिवळ्या रंगाची असते. ती भिजवू वा ओढू नये. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून सौम्य साबणाने पुसावा आणि पुरता वाळल्यावरच आत जाऊ द्यावा. ब्लीच मुळीच वापरू नये. त्याने पट्ट्याचे धागे कमकुवत होतात. धुळीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्या गाडीची एसीची जाळीही वेळोवेळी तपासून घ्यावी.

समोरच्या काचेवर आतून धूसर थर जमतो. उन्हाने तापलेल्या प्लॅस्टिकमधून निघणारी द्रव्ये काचेवर बसतात, हे त्याचे एक कारण. दिवसा तो जाणवत नाही. रात्री समोरच्या वाहनाचा प्रकाश पडताच सारी काच पांढरी दिसू लागते. काच आतून उभ्या आणि बाहेरून आडव्या हाताने पुसावी, म्हणजे राहिलेला ओघळ कोणत्या बाजूचा, हे लगेच कळते.

आता सर्वांत महत्त्वाचे. चालकाच्या पायाखालची जागा नेहमी मोकळी असावी. गडगडत आलेली पाण्याची बाटली ब्रेकच्या पट्टीखाली अडकली, तर ब्रेक लागत नाही. एका पायपोसावर दुसरे कधीही टाकू नये. २००९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात पायपोसात ॲक्सिलरेटर अडकून झालेल्या अपघातात चार जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर टोयोटा कंपनीने पायपोसाच्या धोक्यावरून सुमारे ३८ लाख वाहनांसाठी सुधारणा जाहीर केली. म्हणून पायपोस धुऊन ठेवताना त्याचे आकडे बसले की नाहीत, हे हाताने ओढून पाहावे. पॅडल आणि स्टिअरिंगवर चकाकीचे पॉलिश लावू नये; पाय व हात निसटतो.

मुलांच्या बैठकीखाली चिवड्याचे व शंकरपाळ्यांचे कण साचतात आणि मुंग्या येतात. मग कीटकनाशक फवारले जाते. त्याने जीवहिंसा तर होतेच, शिवाय बंद गाडीत तेच विष मुलांच्या श्वासात जाते. खाण्यानंतर त्याच दिवशी कण काढले, तर ही वेळच येत नाही. मुंग्या आल्याच असतील तर खाद्य काढून, गाडी सावलीत नेऊन दारे उघडी ठेवावीत. चातुर्मासात ओले पायपोस गाडीत राहू देऊ नयेत. त्यांवर बुरशी धरते आणि दमट वास एसीतून फिरत राहतो.

हे काम पुष्कळ घरांत चालक करतात. भर दुपारी, उन्हात तापलेल्या गाडीत त्यांना ते सांगू नये. सकाळची वेळ, सावली आणि तोंडाला बांधायला स्वच्छ रुमाल द्यावा. आठवड्याला अर्धा तास पुरतो, आणि पायाखालची जागा तपासायला तर रोज निघण्यापूर्वीचे एक मिनिट पुरे.