थँक्यूचा फंडा

दिवसभर ऑफिस आणि रात्री गेम किंवा गिटार घेऊन लाइव्ह! अशी डबल ड्युटी करणारे तुमच्यातही असतीलच. कुणीतरी डोनेशन देतं, स्ट्रीमलॅब्जचा अलर्ट स्क्रीनवर टुणकन उडी मारतो, आपण नाव घेतो आणि काही सेकंदांत सगळं गायब. दोन तासांनी कुणी काय फर्माईश केली होती, आठवतंय का बॉस?

यावर सही फंडा आहे. इफ्ट, झेपियर अशा सेवांचं काम एका वाक्यातलं: हे झालं, तर ते कर. 'हे' म्हणजे आलेलं डोनेशन, 'ते' म्हणजे टूडूइस्टच्या यादीत नवं काम. थोडंफार कोडिंग येत असेल तर आणखी मजा. स्ट्रीमलॅब्ज आपल्या सॉकेट एपीआयमधून देणाऱ्याचं नाव, रक्कम आणि निरोप पाठवतं; ते उचलायचं आणि टूडूइस्टच्या एपीआयला द्यायचं.

दोन पथ्यं मात्र पाळा. या ओळींसाठी वेगळा प्रोजेक्ट करा. नाहीतर सोमवारच्या मीटिंगमध्ये प्रोजेक्टरवर 'भाई, एक हेडशॉट हो जाए' झळकेल! आणि रकमेची चाळणी लावू नका. पॉकेटमनीतून वीस रुपये देणाऱ्या पोराचे वीसही मोठेच असतात.

आता आभारही आपोआप पाठवावेत का? माझं मत, अजिबात नाही. लक्षात ठेवणं मशिनवर सोडा. थँक्यू मात्र स्वतः टाइप करा. समोरच्याला फरक कळतो, यार!