जुनी बोट, वेग चार

आमच्या डिंगोऱ्यात जुना ट्रॅक्टर घ्यायचा तर मॉडेल कुठलं, किती तास चाललाय, हे आधी विचारतात. मुंबईतला माझा भाचा दोस्तांसोबत पैसे काढून जुनी शिडाची बोट घ्यायला निघालाय, आणि विचारतोय फक्त वेग. मला हे पटत नाही.

‘सुहैली’ बघा. ३२ फुटी, सागवानी, मुंबईत कुलाब्याला सुतारांनी बांधलेली. नाव अरब खलाशांच्या आग्नेय वाऱ्याचं. (सुहैल तारा म्हणजे आपला अगस्त्य.) मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी मोठ्या बोटीसाठी ती विकायला काढली होती. नव्या बोटीचे पैसे जमले नाहीत, म्हणून १९६८ मध्ये हिलाच घेऊन ते शर्यतीला निघाले. एकट्याने, कुठेही न थांबता, ३१२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा! सरासरी ताशी चार सागरी मैल, म्हणजे साडेसात किलोमीटरही नाही. सायकलवाला पुढे जाईल. पण वाटेत सुकाणू सांभाळणारं यंत्र मोडलं, तेव्हा शिडं नीट लावली की ही जड, लांब कण्याची बोट आपली आपण दिशा धरायची. नऊजण निघाले होते, पोहोचली हीच.

भाच्याला सांगितलंय, मालकाला घेऊन एकदा समुद्रात जा, सुकाणू सोड आणि बघ बोट काय करते. मग पैशांचं बोल.