शंकानिरसन आणि संवाद

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली ‘स्वयम्’ या शासकीय व्यासपीठावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक पदवीसाठी ग्राह्य धरणारे विनियम केले, तेव्हा एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंतच अभ्यासक्रम या मार्गाने घेण्याची मुभा होती. २०२१ च्या विनियमांनी ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. एखाद्या विद्यापीठाने या मुभेचा पूर्ण उपयोग करावयाचे ठरविले, तर भारतीय भाषांच्या विद्यार्थ्याच्या पाच अभ्यासक्रमांपैकी दोन संगणकाच्या पडद्यावरच पुरे होऊ शकतात. तेव्हा संगणक वर्गात यावा की येऊ नये, हा प्रश्न आता उरलेला नाही. त्याच्याबरोबर अध्यापनाची कोणती कल्पना वर्गात शिरली आहे आणि भाषा-साहित्याच्या अभ्यासाला ती कितपत मानवते, हा खरा प्रश्न आहे.

‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमाची रचना चार अंगांची आहे : चित्रित व्याख्यान, वाचनसामग्री, स्वयंमूल्यमापनाच्या चाचण्या आणि चर्चामंच. यातील चौथ्या अंगाचे प्रयोजन शंकानिरसन असे सांगितलेले आहे. हा शब्द निरुपद्रवी वाटतो. परंतु त्यात एक संपूर्ण शिक्षणविचार सामावलेला आहे. ज्ञान आधीच सिद्ध आहे, ते व्याख्यानात आणि पाठ्यसामग्रीत भरून ठेवले आहे, आणि विद्यार्थ्याच्या बोलण्याला स्थान आहे ते काही समजले नसेल तेवढ्यापुरतेच, असा तो विचार होय.

या विचाराची वंशावळ जुनी आहे. १९५३ साली बी. एफ. स्किनर हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आपल्या मुलीच्या शाळेतील गणिताच्या तासाला जाऊन बसला. उत्तर बरोबर आले की चुकले हे मुलांना तत्काळ कळत नाही आणि सर्वांना एकाच गतीने चालावे लागते, हे दोन दोष त्याला तेथे जाणवले. त्यातून १९५४ साली त्याने अध्यापनयंत्राची कल्पना मांडली. आशयाचे लहान लहान घटक पाडावेत, प्रत्येक चौकटीत विद्यार्थ्याकडून उत्तर घ्यावे आणि बरोबर उत्तराचे लगेच प्रबलन करावे, हे त्याच्या रेषीय अभिक्रमाचे सूत्र होते. नॉर्मन क्राउडरने त्याला शाखीय अभिक्रमाची जोड दिली. विद्यार्थी चुकला, तर त्या चुकीचे कारण समजावणाऱ्या वेगळ्या वाटेने त्याला नेण्याची सोय झाली. रॉबर्ट गॅन्ये याने १९६५ च्या आपल्या ग्रंथात अध्ययनाचे प्रकार आणि त्यांच्या अटी सांगितल्या; पुढे अध्यापनाच्या नऊ घटनांचा त्याचा क्रम सर्वत्र प्रमाण मानला जाऊ लागला. १९७५ साली फ्लॉरिडा राज्य विद्यापीठात अमेरिकन सैन्यासाठी जी कार्यपद्धती तयार झाली, तिच्यातूनच विश्लेषण, रचना, विकसन, कार्यवाही आणि मूल्यमापन या पाच पायऱ्यांचे आजचे सर्वपरिचित प्रतिमान उदयास आले.

गॅन्येचा पूर्वानुभव दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांच्या निवडीचा व प्रशिक्षणाचा होता, आणि पाच पायऱ्यांचे प्रतिमान सैनिकी कामासाठी घडले. ज्या कामाचा शेवट आधी ठाऊक असतो, त्या कामाच्या शिक्षणासाठी ही प्रतिमाने जन्मली. विमान उतरले किंवा उतरले नाही, यंत्र चालू झाले किंवा झाले नाही, हे निरीक्षकाला दिसते. म्हणून उद्दिष्ट हे निरीक्षणक्षम वर्तनाच्या भाषेतच लिहावे, हा आग्रह तेथे सर्वस्वी योग्य होता.

भाषाशिक्षणाच्या मोठ्या प्रांतातही तो योग्य आहे. दिल्लीत मराठी शिकणाऱ्या हिंदीभाषक विद्यार्थ्याला देवनागरी अवगत असते. पण ‘चमचा’ आणि ‘चंद्र’ या शब्दांतील ‘च’चे दोन उच्चार लिपी त्याला सांगत नाही, नपुंसकलिंग त्याला चकवते, आणि ‘शिक्षा’ म्हणजे मराठीत दंड, हे कळेपर्यंत त्याच्या वाक्यांचा भलताच अर्थ होत राहतो. हैदराबादेतील तेलुगूभाषक विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी. ‘च’चे दोन्ही उच्चार आणि ‘ळ’ त्याच्या भाषेत असतातच. त्याला लिपी नवी असते, आणि त्याच्या भाषेतील लिंगव्यवस्थेची विभागणी मराठीहून निराळी असल्याने तो वेगळ्या जागी अडखळतो. एकच चूक दोघांच्या हातून घडली, तरी तिची कारणे दोन असतात. अशा ठिकाणी क्राउडरचा शाखीय अभिक्रम शिक्षकाचा उत्तम साहाय्यक ठरेल. रॉबर्ट लाडो याने १९५७ साली दोन भाषांच्या व्यतिरेकी तुलनेवर भाषाशिक्षण उभारण्याचा विचार मांडला होता. संगणक तो विचार विद्यार्थ्यागणिक अमलात आणू शकतो. परंतु देशभरासाठी एकच व्याख्यान चित्रित करून ठेवले, की विद्यार्थ्याची मातृभाषा कोणती हे विचारण्याचे कारणच उरत नाही. अशा वेळी या प्रतिमानांचे जे खरे बळ, तेच वाया जाते.

साहित्याच्या अभ्यासात मात्र अडचण अंमलबजावणीपुरती राहत नाही. ती तत्त्वाचीच होते. केशवसुतांनी १८९० च्या दशकाच्या प्रारंभी मराठीत सुनीत आणले. सुनीताच्या चौदा ओळी, अष्टक आणि षट्क, विचाराला मिळणारे वळण, हे सारे चौकटीत बसते. त्यावर चाचणी घेता येते आणि ती घ्यावीही. पण श्लोक, ओवी, अभंग असे संपन्न छंदोधन हाताशी असताना एका कवीला ही परकी घडण का हवीशी वाटली, त्या घडणीने त्याच्या अनुभवाला काय दिले आणि कशाला मुरड घातली, हा प्रश्न आला की पर्यायांची यादी निरुपयोगी होते. याचे उत्तर अभ्यासक्रम रचणाऱ्याच्या वहीत आधी लिहिलेले असेल, तर विद्यार्थी साहित्य वाचत नाही. तो वही वाचतो.

हा आक्षेप केवळ साहित्यिकांचा नाही. खुद्द शिक्षणशास्त्रात एलियट आइस्नरने १९६० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले, की कलांच्या शिक्षणात विद्यार्थ्याने काय अनुभवावे व कशाशी भिडावे हे आधी ठरविता येते, त्यातून काय निष्पन्न व्हावे हे ठरविता येत नाही. अशा उद्दिष्टांना त्याने अभिव्यक्तीची उद्दिष्टे म्हटले. लॉरेन्स स्टेनहाउसने १९७५ साली याहून पुढचे पाऊल टाकले. विद्यार्थी काय बोलेल याचे भाकीत जितके अशक्य व्हावे तितके शिक्षण यशस्वी, असा त्याच्या प्रतिपादनाचा मथितार्थ आहे. साहित्याच्या शिक्षकाने नेहमी मनात वागविलेली ही गोष्ट त्याने शास्त्राच्या भाषेत सांगितली.

यावर दोन उत्तरे संभवतात. पहिले समतेचे. महाराष्ट्राबाहेर मराठीचे विभाग थोडे आणि तेही तुटपुंज्या मनुष्यबळावर चालणारे. गावात मराठीचा प्राध्यापक नसलेल्या विद्यार्थ्याला पडद्यावरचा अभ्यासक्रम हेच एकमेव दार असते. हे उत्तर पूर्णपणे खरे आहे, आणि म्हणूनच त्या दाराआड काय आहे याची काळजी अधिक वाहिली पाहिजे. ज्याला दुसरे दार नाही, त्याच्या वाट्याला केवळ चाचण्या येणे ही समता नव्हे. दुसरे उत्तर तंत्रज्ञानाचे. २०२२ च्या अखेरीपासून संभाषण करणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत; ती मुक्त उत्तरालाही प्रतिसाद देतात, मग चौकटीचा प्रश्न उरतोच कोठे? पण अपेक्षित उत्तर रचनाकारानेच ठरवून यंत्राच्या स्वाधीन केले, तर बैल बदलतो, चाकोरी तीच राहते. आधी प्रतिमान बदलले, तरच साधनाचा उपयोग.

संगणकीय शिक्षणाच्या स्वतःच्या इतिहासात याबाबत एक बोधप्रद प्रकरण आहे. इलिनॉय विद्यापीठात १९६० साली सुरू झालेली ‘प्लेटो’ ही अशा शिक्षणाची आद्य यंत्रणा. तिच्यात १९७३ साली एक लहानसा कार्यक्रम घालण्यात आला. हेतू इतकाच, की वापरणाऱ्यांना यंत्रणेतील चुका कळविता याव्यात आणि त्यांना उत्तरे मिळावीत. म्हणजे तेही शंकानिरसनच. पाहता पाहता लोक तेथे नाना विषयांवर एकमेकांशी बोलू लागले आणि त्यातून एक नांदता समाज उभा राहिला. पाठ रचणाऱ्यांच्या आराखड्यात जे नव्हते, तेच त्या यंत्रणेचे सर्वांत दूरगामी फलित ठरले.

मराठीच्या परंपरेत या विवेकाचे एक प्राचीन उदाहरण आहे. महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’ची मांडणी तीन अंगांची आहे : चक्रधरांचे वचन हे सूत्र, त्यावर त्यांनीच सांगितलेला दृष्टान्त, आणि केसोबासांनी जोडलेले दार्ष्टान्तिक. नियम आणि उदाहरण यांची जोडी अभिक्रमित अध्ययनाच्या प्रवर्तकांनीही पुढे सिद्ध केली. त्या दृष्टीने पहिली दोन अंगे आजच्या रचनाकाराला ओळखीची वाटतील. वेगळे आहे ते तिसरे. सूत्र आणि दृष्टान्त गुरूचे. त्यांचा अर्थ लावणारे दार्ष्टान्तिक मात्र ग्रहण करणाऱ्याचे. ते जोडल्यावाचून पाठ पुरा होत नाही, आणि ते दुसऱ्या कोणी लिहून देऊन भागत नाही.

भारतीय भाषांच्या विभागांनी आता हीच मागणी ठामपणे करावयास हवी. लिपी, व्याकरण, छंद, वाङ्मयेतिहासाचा तपशील यांसाठी अभिक्रम जरूर असावेत, आणि ते विद्यार्थ्याच्या मातृभाषेनुसार शाखा बदलणारे असावेत. साहित्यकृतीच्या वाचनासाठी मात्र चर्चामंच हे शेवटचे अंग न राहता अभ्यासक्रमाचा कणा व्हावे. विद्यार्थ्याने लिहिलेले वाचून त्याला प्रत्युत्तर देणे हे शिक्षकाच्या कार्यभारात मोजले जावे, आणि त्या संवादाला मूल्यमापनात खरे स्थान असावे. याला मनुष्यबळ लागेल, पैसाही लागेल. पण एकदा चित्रित केलेले व्याख्यान वर्षानुवर्षे वाजवून भाषा-साहित्याचे अध्यापन स्वस्तात उरकते, या समजुतीची किंमत त्याहून मोठी आहे, आणि ती भरावी लागते ती ज्यांना दुसरा शिक्षक मिळणार नाही त्या विद्यार्थ्यांना.