रग्बी आणि आमचं एरंडोल

रग्बी हा साहेबाचा खेळ, असं म्हणणाऱ्याने एकदा आमच्या एरंडोलला यावं. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असं आम्ही मानतो. भीमाने बकासुराला लोळवलं, ते काय लीगची वाट बघून? तेव्हा अंगाला अंग भिडवणं आम्हाला कोणी शिकवू नये! तक्रार निराळीच आहे. २०२५ च्या जूनमध्ये रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. संघ सहा, नावं चेन्नई, दिल्ली, हैदराबाद अशी ऐसपैस. पण सामने सगळे मुंबईत, अंधेरीच्या एकाच मैदानावर! चेन्नई जिंकली, तीही अंधेरीतच. अहो, या खेळात चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, मागच्या गड्याकडेच द्यावा लागतो. मग मुंबईकर, नियम पाळा की! मागे आम्ही कधीचे उभे आहोत.