‘छात्र’ असताना ‘कॅडेट’ कशाला?

प्रजासत्ताक दिनी महाविद्यालयाच्या मैदानावर खाकी गणवेशातील मुलामुलींची पावले एका तालात पडू लागतात आणि ध्वनिक्षेपकावरून घोषणा होते, ‘आता कॅडेट्स मानवंदना देतील!’ दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रेही तेच छापतात. मराठी वाक्यात इंग्रजी अनेकवचनासह! १९४८ साली स्थापन झालेल्या ज्या संघटनेला मराठीने ‘राष्ट्रीय छात्रसेना’ असे अर्थपूर्ण नाव दिले, तिच्या सैनिकाला मात्र परक्या नावाने हाक मारण्याचे प्रयोजन काय?

शब्द निरुपद्रवी आहे, असे म्हणणाऱ्यांनी त्याची कुळकथा पाहावी. मस्तक या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून फ्रान्सच्या गास्कनी प्रांतात ‘छोटा नायक’ अशा अर्थाचा शब्द झाला. तेथील सरदार घराण्यांतील धाकटे पुत्र राजाच्या सैन्यात दाखल होत. म्हणून फ्रेंचमध्ये ‘कॅडेट’ म्हणजे धाकटा मुलगा ठरला. जहागीर थोरल्याला, तलवार धाकट्याला! इंग्रजीने तोच शब्द अधिकारी होऊ पाहणाऱ्या कुलीन तरुणाला लावला. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांच्या शिफारशीने हिंदुस्थानात येणारे गोरे उमेदवारही ‘कॅडेट’च होते. येथील भूमिपुत्राला ती वाट बंद होती. याच शब्दापासून इंग्रजीत ‘कॅड’, म्हणजे असभ्य मनुष्य, हा शब्दही निघाला, हा दैवदुर्विलासच म्हणायचा!

आता ‘छात्र’ पाहा. पतंजलींनी महाभाष्यात त्याचा संबंध छत्राशी जोडला आहे. गुरूने शिष्यावर छत्र धरावे आणि शिष्यानेही गुरूला छत्राप्रमाणे जपावे, असा त्याचा आशय. एका शब्दात जन्माची उतरंड आहे, तर दुसऱ्यात परस्पररक्षणाचे व्रत. सैनिकी शिक्षणाचे मर्म यांपैकी कोणत्या शब्दात आहे, हे सांगायला कोशकार कशाला हवा?

‘छात्र म्हणजे नुसता विद्यार्थी’, हा आक्षेप टिकणारा नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षे घाम गाळणारा तरुण विद्यार्थीच असतो. संदिग्धता वाटेल तेथे ‘छात्रसैनिक’ म्हणता येते. शिवाय ३० मे २०२५ रोजी याच प्रबोधिनीतून १७ तरुणींची पहिली तुकडी दीक्षान्त संचलन करून बाहेर पडली. ‘धाकटा पुत्र’ हा मूळ अर्थ त्यांना कसा लागू पडावा? ‘छात्रा’ हे रूप मात्र आपल्याकडे सिद्धच आहे.

रायफलीला रायफल म्हणण्यात कमीपणा नाही. वस्तू बाहेरून आली, नावही आले. परंतु घरात शब्द असताना तो अडगळीत टाकून उसना आणणे ही गरज नव्हे, सवय आहे. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला, ‘सरनोबत’ जाऊन ‘सेनापती’ आला, तेव्हा लढाया थांबल्या नव्हत्या. स्वातंत्र्यवीर सावरकरांचा ‘महापौर’ प्रारंभी हास्यास्पद ठरविला गेला. आज तो कोणालाही खटकत नाही.

सैन्यदलांचा अंतर्गत व्यवहार ज्या भाषेत चालतो त्या भाषेत चालो. पण शाळेचे सूचनाफलक, वृत्तपत्रांचे मथळे आणि घरातली बोली तर आपल्या हाती आहे ना? गणवेशाला कडक इस्त्री करून देणाऱ्या आईने लेकीची ओळख ‘ही राष्ट्रीय छात्रसेनेची छात्रा’ अशी करून दिली, तरी या कामाचा आरंभ झाला.